न्गांबा बेटावरचे चिंपांझी: एका शनिवार-रविवारात काय जमेल आणि काय मागू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऑफिसच्या कामाने आठवडाभर युगांडाच्या राजधानीत, कंपालाला आहात, सोबत पत्नी आणि सोळा वर्षांची मुलगी, मधला शनिवार-रविवार मोकळा. एंटेबीजवळ, व्हिक्टोरिया सरोवरातल्या न्गांबा बेटावर वाचवलेले चिंपांझी आहेत असं कळलं. एका दिवसात जाऊन यावं की राहावं, १५०-६०० मिलिमीटरची लेन्स पुरेल का, इतक्या काळ्या प्राण्याचं एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) कसं सांभाळायचं, आणि मुलीला पिल्लू कडेवर घेऊन फोटो काढता येईल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते एका शब्दाचं आहे: नाही. का नाही, ते पुढे सांगते. बाकीच्या प्रश्नांना जरा वेळ लागेल. मी या बेटावर तीनदा गेले आहे. एकदा एकटी, दोनदा पुण्याच्या चार-पाच जणांना घेऊन. पहिल्या खेपेला जवळजवळ सगळे फोटो वाया घालवले, त्यामुळे जे लिहितेय ते बरंचसं त्या फजितीतूनच आलंय.

जाऊन येऊ नका, एक रात्र राहा. बेटावर पाहुण्यांसाठी तंबू आहेत. खर्च वाढेल, पण फोटोसाठी जाणार असाल तर हाच एक खर्च खऱ्या अर्थाने कामाला येतो. दिवसभरासाठी येणाऱ्यांना चिंपांझी दिसतात ते दोन वेळी, सकाळी अकरा आणि दुपारी अडीचला, फळं टाकण्याच्या वेळेस. घड्याळ बघून वाटतं, अकराला ऊन बरं असेल. नसतं. आपण विषुववृत्तावर आहोत (एंटेबी त्याच्या जराशी उत्तरेला आणि न्गांबा जराशी दक्षिणेला, म्हणजे बोट वाटेत विषुववृत्त ओलांडते) आणि युगांडाच्या घड्याळात सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, पाऊण-एकच्या सुमारास. म्हणजे अकरा आणि अडीच या दोन्ही वेळा भर माध्यान्हीच्या अलीकडे-पलीकडे दोन तासांच्या आत पडतात. ताडोबात या वेळी आपण जिप्सी लावून जेवायला गेलेलो असतो.

राहिलात तर संध्याकाळ मिळते. दिवसभर जंगलात असलेले चिंपांझी संध्याकाळी रात्रीच्या निवाऱ्याकडे परततात, तिथे त्यांना पेज मिळते, झोपायला झोळ्या असतात. सकाळी पुन्हा बाहेर पडतात. तळ्यावरून येणारा तिरपा उजेड, गेटच्या दिशेने एकामागून एक येणारी मंडळी, कुणाच्या पाठीवर कुणी. माझे ठेवण्यासारखे जे काही फोटो आहेत ते बहुतेक याच वेळचे. शनिवारी सकाळच्या बोटीने जा, अकराचं आणि अडीचचं दोन्ही बघा, रात्री राहा, रविवारी अकराचं उरकून परत. अकराच्या पहिल्या वेळेला कॅमेरा गळ्यात लटकू द्या आणि नुसते बघा, कोण धाकदपटशा करतो, कोण बाजूला बसून वाट बघतो. ताडोबात पाणवठ्यावरची वाट माहीत असली की वाघ कुठून येईल याचा अंदाज येतो ना, तसंच.

आता हे चिंपांझी तिथे आले कुठून, हे कळल्याशिवाय फोटो कशाचे काढायचे ते ठरत नाही. न्गांबा हे व्हिक्टोरिया सरोवरातलं शंभरेक एकराचं बेट, एंटेबीपासून सुमारे २३ किलोमीटर. त्यातलं बहुतेक सगळं जंगल चिंपांझींचं. माणसांकडे काठावरचा एक तुकडा, आणि मध्ये विजेची तार. १९९८ च्या ऑक्टोबरात पहिले १९ चिंपांझी इथे आणले. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांच्या इन्स्टिट्यूटसह काही संस्थांनी मिळून हे उभं केलं, आता चिंपांझी ट्रस्ट ते चालवतो, आणि संख्या पन्नासच्या आसपास गेली आहे. जवळजवळ सगळ्यांची सुरुवातीची गोष्ट एकाच साच्याची आहे: जंगलात मांसासाठी शिकार होते, मोठे मारले जातात, पिल्लू आईच्या अंगाला चिकटलेलं सापडतं, ते जिवंत विकलं जातं. कुणी घरात पाळायला घेतो, कुणी हॉटेलच्या अंगणात साखळीने बांधतो, कुणी सीमेपलीकडे पाठवतो. पकडलं गेलं तर सरकार जप्त करतं. पिल्लू आईपासून काढून घ्यायचं तर आईला मारावंच लागतं, आणि तिला वाचवायला धावलेले आणखी काही मरतात. म्हणजे बेटावरचा जवळजवळ प्रत्येक चिंपांझी हा एका अख्ख्या कुटुंबातून उरलेला एकटा असतो.

मग जंगलात परत का सोडत नाहीत, असं प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी विचारतंच. चिंपांझींच्या टोळ्या आपली हद्द राखतात आणि हद्दीत शिरलेल्या परक्या नराला ठार मारतात. शिवाय माणसाच्या हातचं खाऊन वाढलेला प्राणी माणसाला भीत नाही. तो सरळ गावात शिरेल, केळीच्या बागेत शिरेल, आणि त्याची ताकद आपल्यापेक्षा किती तरी जास्त. जुन्नरजवळ माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात जे बिबटे कायमचे राहतात, त्यांच्याबाबतीतही हाच पेच आहे. सोडायला जागा हवी, आणि त्या जागेत आधीच कुणी नसावं. न्गांबावर पैदासही होऊ देत नाहीत, माद्यांना गर्भनिरोधक दिलं जातं, कारण जागा आणि फळं येणाऱ्या नव्या अनाथांसाठी राखून ठेवायची असतात. एवढं जंगल पन्नास जणांचं पोट भरू शकत नाही, म्हणूनच दिवसातून अनेकदा बाहेरून खाणं द्यावं लागतं. तुम्ही ज्या अकराच्या आणि अडीचच्या वेळा गाठणार, तो पाहुण्यांसाठी ठेवलेला खेळ नाही, त्यांचं रोजचं जेवण आहे.

पाण्याचा मुद्दा गमतीचा आहे. चिंपांझी पोहू शकत नाहीत, पाण्याला घाबरतात. त्यामुळे बेटाला तीन बाजूंनी भिंत लागत नाही, तळंच भिंत होतं.

एक भाषेचा मुद्दा, मग कॅमेऱ्याकडे. आपल्याकडे सगळ्यांना सरसकट माकड म्हणायची सवय आहे. मराठीत माकड वेगळं, वानर वेगळं, आणि ही दोन्ही शेपटीवाली. चिंपांझीला शेपूट नाही. तिथल्या केअरटेकरसमोर कुणी ‘मंकी’ म्हटलं की ते हसून दुरुस्त करतात, पण तिसऱ्यांदा म्हटलं की हसत नाहीत.

लेन्स. १५०-६०० घेऊन जा, पण त्याच्यावर सगळी भिस्त ठेवू नका. मचाणावरून (उंचावर बांधलेला लाकडी प्रेक्षक-मचाण आहे) चिंपांझी कधी दहा-बारा मीटरवर असतात, कधी झाडांच्या रांगेशी. जवळ आलेल्या दोघांच्या मधलं काही घडत असेल, म्हणजे एकाने दुसऱ्याच्या तोंडातलं मागणं वगैरे, तर १५० सुद्धा जास्त होतं. माझ्या हातात बहुतेक वेळ १००-४०० असतो. तो नसेल तर ७०-२०० आणि तुमचा १५०-६०० अशी जोडी ठेवा. आणि एक साधी २४-१०५ किंवा तुमच्या कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स न्याच. पेजेच्या बादल्या, फळांचे ढीग, केअरटेकरचे हात, बोट, मचाणावरच्या लोकांचे चेहरे. या बेटाची अर्धी गोष्ट माणसांची आहे आणि ती ६०० मिलिमीटरने सांगता येत नाही.

ट्रायपॉड नको. मचाण लाकडी आहे, शेजारचा माणूस पाय बदलला की फळी हलते आणि ट्रायपॉड ती हालचाल इमानेइतबारे कॅमेऱ्यापर्यंत पोहोचवतो. हातात धरा, कोपर बरगडीला टेकवा, स्टॅबिलायझेशन चालू ठेवा.

एक्स्पोजर. माझी पहिली खेप इथेच फसली. चिंपांझीचं काळं अंग फ्रेममध्ये भरलं की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर त्याला मधला करडा करायला बघतो. परिणाम: शटर हळू होतो, अंग धुतल्यासारखं राखाडी दिसतं आणि उन्हात चमकणारे केसांचे टोक, ओठ, हातातलं पपईचं फाक जळून पांढरं होतं. मी तेव्हा ऑटोवर होते. संध्याकाळी तंबूत स्क्रीनवर बघितलं तर चारशेच्या वर फोटोंमध्ये करडे चिंपांझी होते. काळा प्राणी काळा दिसायला हवा. अंगाने फ्रेम भरलेली असेल तर एक्स्पोजर उणे दोन तृतीयांश ते उणे एक स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). पण हा नियम पाठ करून टाकू नका, कारण पुढच्याच क्षणी तो प्राणी तळ्याच्या बाजूला जातो, मागे चकाकणारं पाणी येतं, आणि आता मीटर पाण्याला भुलून अंग नुसतं सावलीसारखं काळंठिक्कर करतो. तेव्हा अधिक एक लागतो. म्हणून मी आता मॅन्युअलवर जाते. दुपारचा उजेड तसा स्थिर असतो. उन्हातल्या केसांवर एकदा एक्स्पोजर लावायचं, हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) उजवीकडे चिकटत नाही ना ते बघायचं, सावलीत गेला की आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) वाढवायचा. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये काढा. काळ्या केसांतला तपशील रॉमध्ये बराच सापडतो, जळालेली पपई कशातच सापडत नाही.

शटर एक आठशेच्या (सेकंदाचा आठशेवा भाग) खाली नेऊ नका. बसलेला चिंपांझी बसलेलाच राहील असं वाटतं, आणि तोपर्यंत हात निघून फळ झेललेलं असतं. नर अंगावरचे केस फुलवून धावत सुटला तर एक सोळाशे. आणि हो, तो धावत सुटला की मचाणाच्या दिशेने दगड किंवा फांदी येऊ शकते. नेम चांगला असतो. केअरटेकर ओरडले की लगेच खाली वाका, फोटो जाऊ दे.

आता डोळे. डोळ्याच्या मुद्द्यावर जास्त लिहिणार आहे कारण बाकी सगळं ठीक येऊनही फोटो मरतो तो इथे. माणसाच्या डोळ्यात पांढरं असतं, त्यामुळे नजर कुठे आहे ते लांबूनही कळतं. चिंपांझीच्या डोळ्यातला तो भाग बहुतेकदा गडद तपकिरी असतो, चेहरा काळा, आणि वर भुवईचं हाड छपरासारखं पुढे आलेलं. दुपारच्या उन्हात त्या छपराखाली दोन खड्डे दिसतात, डोळे दिसत नाहीत. कॅमेऱ्याचं ‘अ‍ॅनिमल आय’ (प्राण्याचा डोळा आपोआप शोधून फोकस करणारी सोय) सुद्धा इथे गडबडतं; मला कधी भुवईवर, कधी नाकपुडीवर फोकस मिळाला आहे. एकच छोटा पॉइंट घ्या आणि डोळ्यावर स्वतः ठेवा.

पण खड्ड्यांवर उपाय आहे, आणि तो मला तिसऱ्या खेपेला सापडला. फळ टाकलं जातं मचाणावरून, म्हणजे वरून. टाकण्याआधी केअरटेकरचा हात मागे जातो. त्या क्षणी खाली बसलेले सगळे वर बघतात. मान वर होते, भुवईची सावली मागे सरकते, आणि आकाशाचा उजेड सरळ डोळ्यात पडतो. अर्धा सेकंद, फार तर एक. त्या अर्ध्या सेकंदात प्रत्येक डोळ्यात एक पांढरा ठिपका असतो. म्हणून मी केअरटेकरच्या अगदी शेजारी उभी राहत नाही, दोन-तीन हात बाजूला राहते, उजवा डोळा व्ह्यूफाइंडरला आणि डावा डोळा त्याच्या कोपरावर. कोपर मागे गेलं की बटण. फळ हवेत गेल्यावर दाबलंत तर तुम्हाला तोंड उघडं आणि डोळे बंद मिळतील.

मचाणाची दुसरी अडचण म्हणजे उंची. वरून खाली काढलेला फोटो प्राण्याला लहान आणि लाचार करतो. यावर पूर्ण इलाज नाही. पण जो अगदी पायाशी आलाय त्याला सोडा आणि जो मागे झाडांजवळ बसलाय त्याला लांब लेन्सने घ्या. अंतर वाढलं की कोन सपाट होत जातो. तुमचा १५०-६०० इथे उपयोगी पडेल.

तारेबद्दल. कुंपणाची तार पूर्ण टाळायला जाऊ नका. तिच्या वरून नेम घेता येतो, आणि लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं तर जवळची तार धूसर होऊन जाते, हे खरं. पण दोन-चार फोटोंत तार मुद्दाम येऊ द्या. तारेला हात मात्र लावू नका, करंट असतो.

मला अजून आठवतो तो फोटो तारेमुळेच झालाय. कलिंगडाची एक फोड तारेच्या आमच्या बाजूला पडली होती, जेमतेम हातभर अंतरावर. एक मध्यमवयीन मादी आली, बसली, तारेकडे बघितलं. हात घातला नाही; त्या तारेची ओळख तिला जुनी असणार. उठून मागे गेली, एक वाळकी काडी घेऊन आली, तिचं टोक दातांनी तोडून जरा आखूड केलं. मग काडी तारांच्या मधून घालून फोड उलटी-पालटी करत आत ओढली. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा अर्धी आली, तोवर एक लहानगा तिच्या कुशीतून हात घालून ती घेऊनही गेला. तिने त्याच्याकडे बघितलं, काडी बाजूला ठेवली आणि पंजा उताणा करून त्याच्यासमोर धरला. आपल्याकडे प्रसादाला हात पुढे करतात तसा. त्याने थोडं दिलं. माझ्याकडे काडीचे सात-आठ फोटो आहेत, पण लोक थांबतात ते उताण्या पंज्यावर. त्या तळव्यावर रेषा दिसतात. म्हणून तुम्हालाही सांगेन: चेहऱ्यांचे फोटो सगळ्यांकडे असतात, तुम्ही हात काढा. फळं छातीशी कवटाळून दोन पायांवर चालणारा, एकमेकांच्या केसांत निवडत बसलेले, हे सगळं हातांचंच काम आहे.

आवाजही ऐका. फळांची बादली दिसली की जंगलातून एक हाक येते, हू-हू करत चढत जाऊन किंकाळीपर्यंत पोहोचणारी, मग दुसरीकडून तिला साथ. जेन गुडॉल आपल्या भाषणांची सुरुवात ज्या हाकेने करायच्या तीच. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, फोटोत ती येणार नाही.

आता तुमच्या मुलीचा फोटो. तिची इच्छा चुकीची नाही, इंटरनेटवर तसे फोटो हजारो आहेत म्हणूनच तिला ती झाली. पण अडचण तिथेच आहे. माणसाच्या कडेवर चिंपांझीचं पिल्लू दिसलं की बघणाऱ्याला वाटतं, हे पाळता येतं, आणि जंगलात यांचं बरं चाललंय. हे माझं मत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना चिंपांझीचे वेगवेगळे फोटो दाखवून नेमकं हेच आढळलं होतं. जो फोटो लाडाने काढला तोच पुढच्या पिल्लाची मागणी तयार करतो. २०२१ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या तज्ज्ञगटाने यावर मार्गदर्शक तत्त्वंच काढली: माणूस आणि माकड, वानर किंवा चिंपांझीसारखा प्राणी एकाच फोटोत असलेच तर त्यांच्यात किमान सात मीटर अंतर दिसावं, आणि हातात, कडेवर, खाऊ घालताना असे फोटो पसरवूच नयेत. केअरटेकरचे फोटो काढताना हे मलाही लक्षात ठेवावं लागतं. पिल्लाला बाटलीने दूध पाजणाऱ्या माणसाचा फोटो कितीही गोड आला तरी मी तो कुठे टाकत नाही.

दुसरं कारण सर्दी. चिंपांझीला आपले श्वसनाचे विषाणू लागतात आणि आपल्याला जे दोन दिवसांचं नाक गळणं असतं ते त्यांच्या जिवावर बेततं. पश्चिम युगांडातल्या किबाले जंगलात २०१३ मध्ये ५६ जणांच्या एका टोळीतले पाच चिंपांझी माणसाच्या साध्या सर्दीच्या, रायनोव्हायरस सीच्या साथीत मेले. तुमच्यापैकी कुणाला शुक्रवारी शिंका येत असतील तर त्याने हॉटेलात थांबावं. मास्क बरोबर ठेवा. आणि स्वतःहून काही खायला टाकू नका. महाबळेश्वर-माथेरानला माकडांना बिस्किटं टाकणारा हात आपल्या सगळ्यांच्या अंगात आहे, तो खिशात ठेवा.

एक जोडीचा सल्ला. आफ्रिकेत कुठल्याही ‘अभयारण्या’त जाण्याआधी बघा: ते पॅन आफ्रिकन सँक्च्युअरी अलायन्सचे (आफ्रिकेतल्या अशा निवारा केंद्रांच्या संघटनेचे) सदस्य आहेत का, पैदास करतात का, पाहुण्यांच्या हातात प्राणी देतात का. शेवटच्या दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर ते अभयारण्य नाही, दुकान आहे. केनियात ओल पेजेटामधलं स्वीटवॉटर्स, जे १९९३ मध्ये बुरुंडीतल्या यादवीतून हलवलेल्या चिंपांझींसाठी सुरू झालं, तेही चांगलं आहे. पुढेमागे नैरोबीला जाणं झालं तर. आणि जंगली चिंपांझी हवे असतील तर युगांडातच किबाले आहे, पण कंपालाहून पाच-सहा तासांची गाडी, परमिट, जंगलातली पायपीट. तुमच्या दोन दिवसांत ते बसत नाही, ओढूनताणून बसवू नका.

यातूनच शेवटचा फोटोग्राफीचा मुद्दा निघतो. न्गांबाचे फोटो जंगली म्हणून खपवू नका. तार कापून, मचाण लपवून, खाली ‘युगांडाच्या अरण्यात’ असं लिहिण्याचा मोह होतो. आपल्या ओळखीतल्या भल्या-भल्यांना झालाय. बहुतेक वन्यजीव फोटो स्पर्धांत बंदिस्त प्राणी एक तर चालत नाहीत किंवा तसं जाहीर करावं लागतं, आणि न्गांबाची झाडं-किनारा ओळखणारे परीक्षक असतात. पण स्पर्धेचं सोडा. ‘न्गांबा बेट, सुटका केलेली मादी’ एवढं खाली लिहिलं की तोच फोटो जास्त बोलतो. उताण्या पंज्याच्या फोटोखाली मी एवढंच लिहिलंय.

आता सटरफटर पण महत्त्वाचं. कंपाला ते एंटेबी चाळीस किलोमीटर आहे, तरी वाहतुकीचा भरवसा नाही. शुक्रवारी रात्रीच एंटेबीला येऊन राहा. वेगवान बोटीने बेट पाऊण-एक तास, पारंपरिक लाकडी होडीने दीड. लाइफ जॅकेट घाला, घालायला सांगेपर्यंत थांबू नका. व्हिक्टोरिया समुद्रासारखं आहे आणि वादळ चढायला वेळ लावत नाही. कॅमेरा ड्राय बॅगमध्ये, बोटीत बाहेर काढायचा नाही. पुढच्या टोकाला बसलात तर पाण्याचे फवारे तुमचे. तळ्यात पाय सोडून बसण्याचा मोह टाळा, पाण्यात बिलहार्झिया या रोगाचे, कातडीतून आत शिरणारे परजीवी असतात. मलेरियाच्या गोळ्या आणि मच्छरदाणीबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. ड्रोन घरी ठेवा, परवानगीशिवाय तिथे तो जप्त होतो. प्लग ब्रिटिश, तीन चौकोनी पिनांचा. डॉलरच्या नोटा नव्या आणि घडी न पडलेल्या न्या. पावसाळे दोन, मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास; तेव्हा गेलात तर निघण्याआधी बोटवाल्याला हवामान विचारा. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते, म्हणून एंटेबीच्या हॉटेलात रात्री बॅग बंदच ठेवा आणि सकाळी बाहेर आणून अर्धा तास तशीच राहू द्या.

बेटावर चिंपांझी झोपलेले असतील तेव्हा रिकामे बसू नका. सुगरणींच्या वसाहती आहेत, बगळे, पाणकावळे, कवड्या खंड्या, नशीब असेल तर मत्स्यगरुड अगदी धक्क्यावरच्या खांबावर. आपल्या भिगवणला ज्यांचे हात बसलेत त्यांना इथे मजा येईल. काठावर घोरपडीच्या जातीतली मोठी नाईल मॉनिटर ऊन खात पडलेली असते.

केअरटेकरशी बोला. ते प्रत्येक चिंपांझीला नावाने, स्वभावाने, जुन्या भांडणांसकट ओळखतात. मी फळांच्या टोपलीतल्या फणसाकडे बोट दाखवलं तर एकाने स्वाहिलीत ‘फेनेसी’ म्हटलं, आणि मी ‘आमच्याकडे फणस’ म्हटल्यावर पुढचा अर्धा तास आम्ही शब्दच जुळवत बसलो. चपाती तर तिथे चपातीच आहे. परत येताना एंटेबीला रस्त्याच्या कडेला ती अंड्याच्या ऑम्लेटभोवती गुंडाळून देतात, नाव ‘रोलेक्स’. मुलीला नक्की खायला द्या, घड्याळाचा विनोद ती स्वतःच करेल.

आणि यलो फीव्हरची लस. निघण्याआधी किमान दहा दिवस सरकारमान्य केंद्रात तिघांनीही घ्यायची, कारण कार्ड दहा दिवसांनीच वैध होतं; एकदा घेतली की जन्मभर चालते. युगांडात शिरताना ते कार्ड दाखवावं लागतं आणि परत येताना भारतातही, नाहीतर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मुंबईहून एंटेबीला २०२३ पासून थेट विमान सुरू झालंय, त्यामुळे बाहेर पडताच पहिला प्रश्न कार्डाचाच येतो. ते पिवळं कार्ड पासपोर्टच्या आत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. मी एकदा ठेवलं होतं आणि आरोग्य तपासणीच्या टेबलापाशी, बॅग पट्ट्यावर येईपर्यंत, मागच्या सगळ्यांना पुढे जाऊ देत तासभर उभी होते.